बाबांनी गंगटोकहून आणलेली मुलाम्याची बुद्धमूर्ती: किती जुनी, कसं ओळखायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही परभणी जिल्ह्यातले. आमचे बाबा ग्रेफमध्ये (सीमेवरचे रस्ते बांधणारं दल) डंपर चालवायचे, सिक्कीमच्या रस्त्यांवर. १९७२ ला, म्हणजे इकडं दुष्काळ चालू असताना, सुट्टीवर येताना त्यांनी गंगटोकच्या बाजारातून एका तिबेटी म्हातारीकडून एक बुद्धमूर्ती आणली, ८५ रुपयाला. घरात खायची मारामार, लोक खडी फोडायला जायलेत आणि हा माणूस ८५ रुपये घालून मूर्ती आणतो म्हणून आईनं दोन दिवस अबोला धरला होता, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. बाबा मागच्या वर्षी गेले.

मूर्ती वीतभर आहे, टेपनं १७ सेंटिमीटर भरली. वजन किराणा दुकानातल्या काट्यावर १ किलो ३४० ग्रॅम. उजवा हात गुडघ्यावरून खाली जमिनीला टेकलेला, डाव्या हातात भिक्षापात्र, खाली कमळ. अंगाला सोनेरी मुलामा, पण गुडघे आणि नाकाचा शेंडा इथला उडालाय, तिथं लालसर तांबं दिसतं. चेहऱ्याचं सोनं मात्र वेगळंच आहे, चमकत नाही, हळद लावल्यासारखं मंद. केसात कुठं कुठं निळा रंग. बुडाला तांब्याचा पत्रा ठोकलाय, त्यावर फुलीसारखं काहीतरी कोरलंय. त्या पत्र्याची एक कड उचकटलेली आहे आणि हलवलं की आत खुळखुळतं.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले, जुन्या वस्तू घेतो म्हणाले, फोटो काढले आणि सरळ दोन लाख देतो म्हणाले, कागदबिगद काही नको, सगळे रोख. धाकटा भाऊ म्हणतो आधी पत्रा काढून आत काय ते बघू. आई म्हणते हात लावायचा नाही, कारण विचारलं तर बोलत नाही. विकायचं का नाही ते नंतर ठरवू, पण ही किती जुनी असेल हे कळायला काही मार्ग आहे का?

सटरफटर
रुमाल टाकून ठेवतो.

बिदरी
गोदाकाठ, सगळ्यात आधी दोन गोष्टी. पत्रा काढू नका. आणि घासू नका. बाकी सगळं सावकाश.

मी उदगीरचा, गेली पंचवीसेक वर्षं जुनी भांडी, बिदरीकाम, थोड्याफार धातूच्या मूर्ती जमवतो. नवीन माणूस चेहरा बघतो, जुना माणूस मूर्ती उलटी करतो. तुमचं वर्णन तिबेटी किंवा नेवारी कामाचं वाटतंय. नेवार म्हणजे काठमांडूजवळच्या पाटणचे कारागीर (आपलं गुजरातचं पाटण नव्हे). मेणाचा साचा करून ओतायचं आणि पाऱ्यानं मुलामा द्यायचा, हे त्यांचं पिढीजात काम. तिबेटातल्या मठांसाठीही हेच लोक मूर्ती करायचे. त्यांना तांबं आवडतं, कारण पाऱ्याचा मुलामा तांब्यावर नीट बसतो, शिसं घातलेल्या मिश्रधातूवर डाग पडतात.

चेहऱ्यावरचं मंद सोनं म्हणजे सोन्याची पूड सरसात कालवून वरून रंगवलेली. ते पूजेत असताना पुन्हा पुन्हा लावतात. केसांचा निळा रंगही तसाच. ही दोन्ही मूर्ती तिबेटी माणसाच्या पूजेत होती याची खूण. बुडाची फुली म्हणजे आडवं-उभं दुहेरी वज्र, विश्ववज्र म्हणतात. आत मंत्र लिहिलेल्या कागदाच्या सुरळ्या, धान्य, सुगंधी लाकूड असं भरून, विधी करून पत्रा ठोकतात. न उघडलेल्या मूर्तीला संग्राहक जास्त पैसे मोजतात आणि श्रद्धावान माणूस उघडणं पाप समजतो, त्यामुळे दोन्ही हिशेबानं भावाला आवरा.

मुलामा कुठं उडालाय तेही महत्त्वाचं. गुडघे, नाक, बोटं, जिथं हात लागतो तिथं झीज पाहिजे. खोट्यात झीज सगळीकडं सारखी असते, किंवा जिथं बोट पोचूच शकत नाही अशा खाचेतसुद्धा मुलामा उडालेला असतो. तुमच्या मूर्तीची झीज खरी वाटते. पण खरी झीज म्हणजे तीनशे वर्षं असं नाही हं, ८० वर्षंसुद्धा पुरतात.

जालन्याची_सून
"घासू नका" हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या सासूबाईंनी आजेसासऱ्यांच्या वेळचा मुलाम्याचा गणपती दिवाळीत चिंच लावून घासला होता. असा काही लखलखीत निघाला की विचारू नका. तांब्याचा गणपती. मुलामा सगळा मोरीत गेला. त्या वर म्हणाल्या, "बघ, आधी किती मळला होता."

सटरफटर
दंडवत घ्या सासूबाईंना.

मुक्काम_पोस्ट_पुणे
गोदाकाठ, कमळाच्या वरच्या कडेला पुढच्या बाजूला चिनी अक्षरं आहेत का बघा. सहा अक्षरं असतील तर तुम्ही करोडपती. मिंग राजवटीत योंगले बादशहाच्या काळात, १४०३ ते १४२४, बादशाही कारखान्यात अशा मूर्ती करून तिबेटी लामांना भेट दिल्या जायच्या. त्यातली एक बुद्धमूर्ती २०१३ साली हाँगकाँगला लिलावात २३.६ कोटी हाँगकाँग डॉलरला गेली. दोन लाख म्हणजे चेष्टा आहे.

बिदरी
@पुणे, माणसाची झोप उडवू नका. आणि अक्षरं असली म्हणून काय, ती कोरायला कितीसा वेळ लागतो? गंमत म्हणजे खऱ्या मूर्तीवर ती सहा अक्षरं डावीकडून उजवीकडं वाचायची असतात, जुन्या चिनी रिवाजाच्या उलट, कारण घेणारा तिबेटी. चिनी बादशहांच्याच म्हणाल तर चियेनलुंगच्या काळात, १७७० च्या आसपास, राजमातेच्या वाढदिवसासाठी अमितायुसच्या (दीर्घायुष्य देणारा बुद्ध) छोट्या मूर्ती ढिगानं ओतल्या होत्या. त्यांच्यावर साल कोरलेलं असतं, खऱ्या असतात, बादशाही असतात, तरी बाजारात पुष्कळ असल्यानं भाव त्या मानानं बेताचा. जुनं म्हणजे महाग असं समीकरण नाही.

उंडणगावकर
आमचं गाव अजिंठ्याच्या वाटेवर. फर्दापूरच्या फाट्यावर पोरं गारगोट्या आणि मूर्ती विकतात, मी पण शाळेत असताना दोन सीझन विकल्यात. "लेणीत सापडली साहेब, कुणाला सांगू नका." कसली सापडली, पोत्यानं यायची, रेझिनची. जपानी टुरिस्ट हातात घेऊन नमस्कार करायचे, फोटो काढायचे आणि परत ठेवायचे, त्यांना सगळं कळायचं.

पण आपल्या भागात धातूचे बुद्ध नव्हतेच असं समजू नका. अजिंठ्यापासून फार लांब नाही, बऱ्हाणपूरकडं फोफनार म्हणून गाव आहे, तिथं १९६४ ला सात धातूचे बुद्ध सापडले, वाकाटकांच्या वेळचे, म्हणजे अजिंठ्याची मोठी लेणी खोदली जात होती साधारण त्याच काळातले. दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. नागपूरकडं रामटेकजवळ हमलापुरीलाही सापडलेत. लेणीत दगडाचा बुद्ध आणि भिक्खूच्या झोळीत धातूचा, असं असणार. झोळीतला बुद्ध चालत चालत पार चीनपर्यंत गेला. तिकडची साल कोरलेली सगळ्यात जुनी मुलाम्याची बुद्धमूर्ती ३३८ सालची आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये.

पाणंद
लई भारी धागा चालू हाय. जुन्या मूर्तीचा विषय निघाला म्हणून सांगतो, आमच्या गावात दोघं जण गुप्तधनापायी रात्री शेतात खड्डे खांदत होते, मांत्रिक बी आणला हुता कर्नाटकातला. सहा फुटावर पाइपलाइन फुटली. सरपंचाची. दुसऱ्या एकाला "राईस पुलर" म्हणून तांब्याचा गडू विकला, तांदूळ वढतंय म्हणं. तांदूळ काय वढंना, पण त्याची तीन एकर वढून नेली. ते कागद नको म्हणणारे गृहस्थ असलेच असत्याल.

हिशेबनीस
पाणंद यांनी योग्य जागी बोट ठेवलं. थोडं कायद्याचं, कारण इथं सगळे किमतीवर घसरलेत.

१९७२ चा पुरावशेष कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती म्हणजे पुरावशेष. ती घरात ठेवणं गुन्हा नाही. पण नोंदणी करावी लागते आणि नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली तर ते कळवावं लागतं. धंदा करायचा तर लायसन लागतं. आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही, सहा महिने ते तीन वर्षं कैद. "कागद नको, रोख" म्हणणारा माणूस ती मूर्ती दिवाणखान्यात ठेवायला घेत नसतो. त्याला विचारा, लायसन दाखव. पुन्हा येणार नाही.

जमिनीत सापडलेल्या वस्तूंचा कायदा वेगळा, तो १८७८ चा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. रक्कम अजूनही दहाच आहे. पाणंद, तुमच्या गावच्या मांत्रिकाला सांगा.

मुक्काम_पोस्ट_पुणे
एक शंका. १९७२ ला सिक्कीम भारतात कुठं होतं? १९७५ ला आलं. मग ही मूर्ती परदेशातून आणली म्हणायची का?

हिशेबनीस
आली शंका. कायदा १९७६ ला लागू झाला तेव्हा मूर्ती परभणी जिल्ह्यात होती, एवढं दाखवता आलं की बास. तेच दाखवणं अवघड असतं. जुना फोटो आहे का, गोदाकाठ? थट्टा नाही. नालंदाच्या संग्रहालयातून १९६१ ला १४ मूर्ती चोरीला गेल्या होत्या, त्यातली एक २०१८ ला युरोपातल्या एका कलाबाजारात दिसली आणि जुन्या फोटोवरून ओळखली गेली. लंडनच्या पोलिसांनी १५ ऑगस्टला भारताला परत केली. ५७ वर्षांनी. फोटो नसता तर गेलीच होती.

पस्तावलेला
माझं पण लिहितो, इतके दिवस लाज वाटत होती. २०११ ला मुंबईत चोर बाजारात एका दुकानात "अठराव्या शतकातली तारा, नेपाळ" म्हणून मुलाम्याची मूर्ती घेतली, ३८ हजार. काय ती हिरवी बुरशी, काय ती माती, मी तर गाडीत मांडीवर घेऊन आलो लातूरपर्यंत. बायकोनं गरम पाण्यानं पुसली, तर हिरवं सगळं फडक्यावर. मीठ, नवसागर लावून महिनाभर मातीत पुरतात म्हणे. बुडात बोट घातलं तर काळं लागलं, वास घेतला तर बूटपॉलिश. आतल्या बाजूला ग्राइंडरच्या गोल गोल रेघा. मुरादाबादी पितळ निघालं, वर करंट देऊन चढवलेला मुलामा. आता ती हॉलमध्ये आहे, पाहुणे विचारतात तेव्हा बायको सांगते, "तीन महिन्यांचा पगार."

सोनाराची_लेक
पस्तावलेला, तुम्ही एकटे नाही.

मुलाम्याचं मी सांगू शकते, आजोबा देवळाच्या कळसाला पाऱ्याचा मुलामा द्यायचे. सोन्याचा बारीक कीस आणि पारा खलात घोटायचा, लोण्यासारखा गोळा होतो, फडक्यात पिळून जादा पारा काढायचा, मग घासून स्वच्छ केलेल्या तांब्यावर लोणी लावल्यासारखा चोपडायचा आणि शेगडीवर धरायचं. पारा ३५७ अंशाला उकळतो, वाफ होऊन जातो, सोनं राहतं. तेव्हा ते पिवळं मातकट दिसतं, अकीकाच्या दगडानं घोटलं की झळाळी येते. आजोबांचे हात शेवटी इतके कापायचे की चहाची बशी धरता यायची नाही आणि दात पन्नाशीतच हलायला लागले होते. आम्हाला वाटायचं वय झालं. तो पारा होता हे मला कॉलेजात कळलं.

करंटचा मुलामा १८४० नंतरचा. तो पातळ असतो, सगळीकडं एकसारखा बसतो, खाचेत सुद्धा. पाऱ्याचा जाड असतो, कुठं ब्रशचे फराटे दिसतात, कुठं थेंब साचलेला. भिंगानं बघा. आणि कुठल्याही चांगल्या सराफाकडं कॅरेट तपासायचं एक्सरे मशीन असतं, वस्तूला ओरखडा न काढता धातू सांगतं. फक्त त्याला सांगा की नुसतं कॅरेट नको, पूर्ण यादी दाखव, नाहीतर ते मशीन सोन्याच्या दागिन्यापुरतंच बोलतं आणि पारा गाळून टाकतं.

नागसेनवनी
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. आत मंत्र आहेत, धान्य आहे, उघडलं तर पाप, हे सगळं वाचून कसंसंच झालं. बाबासाहेबांनी आपल्याला यातूनच बाहेर काढलं ना? बुद्धमूर्ती प्रेरणेसाठी. तिच्या पोटात काय आहे यानं काय फरक पडतो. उघडा आणि बघा, त्यात घाबरायचं काय. आणि बुद्धाचा "भाव" काढणं तर मला पटतच नाही. अँटिक म्हणून शोकेसमध्ये ठेवण्यापेक्षा विहारात द्या.

बिदरी
नागसेनवनी, मीही पाप मानत नाही. पण ज्यांनी ती भरली ते मानत होते. त्यांची चिठ्ठी आपण फोडायची का, एवढाच प्रश्न. शिवाय एकदा उघडली की आतलं पुरावा म्हणून निकामी होतं, कुणी कधी काय घातलं सांगता येत नाही.

नागसेनवनी
चिठ्ठीचा मुद्दा मान्य. शोकेसचा नाही.

थंडबस्ता
अवांतर. मी दोन वर्षांपूर्वी मंडालेला गेलो होतो (टिळकांमुळे, दुसरं काय). तिथल्या महामुनी बुद्धाला भाविक रोज सोन्याचे वर्ख चिकटवतात. फक्त पुरुषांना परवानगी, बायको चिडून बाहेर बसली. इतकी वर्षं वर्ख चढून मूर्तीचं अंग पार गाठीगाठीचं झालंय, हाताच्या बोटांचा आकार राहिला नाही, चेहरा तेवढा रोज पहाटे धुतात म्हणून गुळगुळीत आहे. सांगायचा मुद्दा, वरचं सोनं कालचं असू शकतं आणि आतली मूर्ती हजार वर्षांची. सोन्याचं वय म्हणजे मूर्तीचं वय नाही.

जालन्याची_सून
आमच्या सासूबाईंना मंडालेला नेऊ नका कुणी.

बिदरी
गोदाकाठ, एक राहिलं. मूर्तीच्या पुढं, कमळाच्या वर, मांडीच्या समोर काही आडवं ठेवल्यासारखं आहे का? नखाएवढं. नीट बघा.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. दोन दिवस कामाच्या गडबडीत होतो. आता मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. आहे! तांदळाच्या दोन दाण्यांएवढं काहीतरी आडवं, दोन्ही टोकं फुगीर, मध्ये बारीक. आम्ही पन्नास वर्षं ओतताना राहिलेला डाग समजत होतो, आई तर त्याच्यात अडकलेली उदबत्तीची राख सुईनं काढायची. चिनी अक्षरं मात्र नाहीत, पुण्याचे काका, सॉरी.

बिदरी
ते वज्र आहे. मग ही बहुधा शाक्यमुनींची, म्हणजे गौतम बुद्धांची नाही, अक्षोभ्य बुद्धाची मूर्ती आहे. मुद्रा तीच, भूमिस्पर्श, वेष तोच, ओळखायची खूण सहसा ते वज्र. महायान-वज्रयानात पाच ध्यानी बुद्ध मानतात, त्यातला पूर्वेचा.

गोदाकाठ
म्हणजे आमच्या घरात पन्नास वर्षं गौतम बुद्ध नव्हतेच? आईला कसं सांगू.

नागसेनवनी
नका सांगू. वंदना ज्याला केली त्यालाच पोचली.

पाणंद
शोकेसवाला गडी आता वंदना पोचवायला लागला.

गोदाकाठ
अपडेट. काल सराफ्यात गेलो. भावाच्या मित्राचं दुकान आहे. मशीनवाला पोरगा आधी हसला, म्हणाला देव कशाला मोजायला आणलाय. सोनाराच्या लेकीनं सांगितलं तसं पूर्ण यादी दाखव म्हटलं. गुडघ्याजवळ जिथं मुलामा उडालाय तिथं तांबं ९६ टक्के, जस्त एकापेक्षा कमी, थोडं शिसं. छातीवर सोनं, तांबं आणि पारा. पारा म्हटल्यावर त्यानं हात धुतले. बुडाच्या पत्र्यावर नुसतं तांबं. म्हणजे जुनी ठरली का आता?

सोनाराची_लेक
पारा निघाला म्हणजे बहुधा करंटचा मुलामा नाही. हात धुवायची गरज नव्हती, बसलेला मुलामा हाताळून काही होत नाही, तापवला तर होतं.

बिदरी
नाही, जुनी ठरली नाही. मुरादाबादी नक्कल नाही एवढंच ठरलं, वय नाही. कारण पाटणमध्ये पाऱ्याचा मुलामा आजही देतात, तांबंही तेच वापरतात. पितळ असतं आणि त्यात जस्त ३० टक्क्यांच्या वर असतं, तर शंका घेता आली असती, कारण जुन्या पद्धतीनं, जस्ताची माती आणि तांबं एकत्र तापवून केलेल्या पितळेत जस्त साधारण २८ टक्क्यांच्या पुढं जात नाही. तुमच्या मूर्तीत जस्त नसल्यातच जमा, त्यामुळे तो दरवाजा बंद. मात्र १९७२ ला गंगटोकच्या बाजारात म्हातारी तिबेटी बाई, पूजेतल्या खुणा, रंगवलेला चेहरा, हे सगळं जुळतं. १९५९ नंतर तिबेटातून आलेले लोक सिक्कीम, कालिम्पोंग, काठमांडूत पोटासाठी घरातल्या मूर्ती विकत होते.

कमळाच्या पाकळ्या मागच्या बाजूलाही आहेत का? आणि खालच्या कडेला मोत्यांची माळ?

गोदाकाठ
मागं पाकळ्या नाहीत, मागची बाजू सपाट गुळगुळीत आहे. मोत्यांची माळ वरच्या कडेला आहे, खाली नाही.

बिदरी
मग माझा अंदाज अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्यापर्यंत. पाकळ्या पुढंच करून मागं सपाट सोडणं हे उशिराच्या कामातही दिसतं. चेहरा रुंद, अंगरख्याच्या चुण्या उथळ असतील तर अजूनच. पण एका खुणेवर कुणाच्या बापानं वय सांगू नये, चार-पाच खुणा एका दिशेला जायला पाहिजेत. फोटोवरून यापुढं मी बोलणार नाही.

मुक्काम_पोस्ट_पुणे
अहो मग लॅबला द्या ना. कार्बन डेटिंग, थर्मोल्युमिनेसन्स. अंदाज कशाला.

बिदरी
कार्बन डेटिंग धातूचं होत नाही. आतल्या कागदाचं, लाकडाचं होतं, आणि त्यासाठी उघडावी लागेल. त्यातही १६५० ते १९५० या काळात त्या पद्धतीचा आलेख इतका सपाट आहे की उत्तर "यातलं कुठलंही साल" असं येतं, नेमकं आपल्याला हवं तिथंच ते आंधळं. दुसरी पद्धत ओतताना आत राहिलेली भाजकी माती तपासते, ती माती शेवटची कधी तापली ते सांगते. माती शिल्लक असेल तर ठीक, पण खोटं करणारे जुन्या विटांची माती आत भरतात आणि एक्सरे मारून मातीचं वयही वाढवतात. मशीनला फसवता येतं. म्हातारीला ८५ रुपये देणाऱ्या ड्रायव्हरच्या गोष्टीला फसवणं त्यापेक्षा अवघड आहे, म्हणून हिशेबनीस फोटो मागत होते.

गोदाकाठ
फोटो सापडला. बाबांच्या लोखंडी पेटीत, डिस्चार्ज बुकच्या खाली. गंगाखेडच्या स्टुडिओतला, बाबा खुर्चीवर, मांडीवर मोठी बहीण आणि शेजारी स्टुलावर ही मूर्ती. मागं स्टुडिओचा शिक्का आणि शाईनं १४-४-७४. मूर्तीच्या नाकावरचा मुलामा तेव्हाही उडालेला दिसतोय. आणि बुडाची कड फोटोत दिसत नाही हो, पण आईनं काल रात्री फोटो बघितला आणि मग जे सांगितलं ते लिहितो, जरा लांबेल.

१९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर गावागावांत जे झालं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. बाबा सिक्कीममध्ये होते. आमच्या गल्लीला एक दिवस आधी कुणीतरी सांगून गेलं की रात्रीतून निघा. आईनं दोन लेकरं घेतली आणि मूर्ती लुगड्यात गुंडाळली. गळ्यात सहा सोन्याचे मणी होते. वाटेत कुणी अडवलं तर मूर्ती कुणी घेणार नाही, मणी घेतील, म्हणून तिनं उलथण्याच्या टोकानं बुडाचा पत्रा उचकटला आणि मणी एकेक करून आत सारले. आत चिंधी गुंडाळलेलं काहीतरी लागलं म्हणे बोटाला, धुपासारखा वास आला. तिनं काही बाहेर काढलं नाही, चिरेएवढ्याच फटीतून मणी ढकलले. महिन्यानं परत आलो तेव्हा घराला छप्पर नव्हतं. मूर्ती होती, मणी आत होते. बाबा सुट्टीवर आल्यावर सायकलच्या स्पोकनं काढायचा प्रयत्न केला, निघेचनात. मग बाबा म्हणाले राहू दे तिथंच. आई तीन वर्षं काळ्या मण्यांवर होती.

खुळखुळतंय ते हे.

सटरफटर
निःशब्द.

जालन्याची_सून
तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. रडायला आलं आणि ऑफिसात बसलेय.

नागसेनवनी
विहारात द्या म्हणालो होतो ते मागं घेतो. घरातच राहू द्या. जय भीम आईंना.

पाणंद
भाऊ काय म्हणतोय आता?

गोदाकाठ
भाऊ गप्प बसला होता रात्री. सकाळी म्हणाला, "आजच्या भावानं सहा मणी किती होतील?" आईनं लाटणं दाखवलं.

ते कागद नको वाले परत आले होते. हिशेबनीसांनी सांगितलं तसं लायसन विचारलं. फोन आला म्हणून बाहेर गेले ते गेलेच, चहा तसाच राहिला. नोंदणीचा अर्ज करायचं ठरवलंय, पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला जाऊन चौकशी करतो. बिदरी, तुम्ही यायचं म्हटलं तर जेवण आमच्याकडं, ज्वारीची भाकरी आणि येसर.

हिशेबनीस, एक विचारायचं होतं. अर्जाला मूर्तीचं वर्णन जोडायचं, त्यात बिदरींनी सांगितलेलं सगळं लिहितो, अक्षोभ्य, वज्र, पाऱ्याचा मुलामा. मणी लिहायचे का?

हिशेबनीस
पत्रा उचकटलेला आहे हे लिहा, ते दिसतंच. मणी हा पुरावशेषाचा भाग नाही, शंभर वर्षं झाली नसतील तर.

गोदाकाठ
तीच तर पंचाईत आहे. मणी आईचे नव्हेत, आजीच्या लग्नातले. आजीचं लग्न कधी झालं ते घरात कुणालाच माहीत नाही. आई म्हणते "मोठ्या पटकीच्या आधी." आता ही पटकी कुठल्या सालची ते कुणी सांगेल का?

बिदरी
नवीन धागा काढा. भाकरीला येतो.